दात सरकतो, तेव्हा हाड काय करतं?

लहानपणी दात हलायला लागला की घरात कौतुक असायचं. दिवसभर जिभेनं तो पुढेमागे ढकलायचा, कुणीतरी दोरा बांधून ओढायचा धाक घालायचं, आणि पडला की तो कौलांवर भिरकावून द्यायचा. पस्तिशी-चाळिशीत मात्र दात हलला की पोटात गोळा येतो. वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी पारदर्शक अलायनर लावलेल्या अनेक प्रौढांना हा अनुभव येतो. ब्रश करताना समोरचा दात किंचित डुगडुगतो, कडक भाकरीचा तुकडा तोडायचा धीर होत नाही, आणि मनात येतं, सरळ करायला गेलो आणि दातच गमावून बसतो की काय?

उपचार चालू असतानाचं थोडं डुगडुगणं बहुतेक वेळा अपेक्षितच असतं. दाताभोवतीचं हाड कामाला लागल्याची ती खूण असते. अलायनर दात हलवतो, असं आपण सहज बोलून जातो. पण अलायनर फक्त दाबतो. दाताला वाट करून देतं ते जबड्याचं हाड, स्वतःला एका बाजूनं मोडून आणि दुसऱ्या बाजूनं बांधून. त्या हाडाची स्वतःची गती असते आणि स्वतःची हद्दही असते. प्रौढ वयात हा उपचार घेणाऱ्यानं ही गती आणि ही हद्द आधी समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

बाजेच्या सुंभावर टांगलेला दात

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात रुतलेला असतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मूळ आणि हाडाची खोबण यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो. त्याची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन केसांएवढी. बाजेच्या चौकटीला सुंभ विणावा तसे हे तंतू मुळापासून हाडापर्यंत ताणलेले असतात आणि दात त्यांच्यावर तोललेला असतो. या थरात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, द्रव असतो आणि हाड मोडणाऱ्या-बांधणाऱ्या पेशीही इथेच जमतात.

या रचनेची गंमत अशी की ती थोड्या वेळचा मोठा भार सहज झेलते. सुपारी फोडताना दाढेवर कित्येक किलोंचा जोर येतो, पण तो क्षणभरच टिकतो. थरातला द्रव उशीसारखं काम करतो आणि दात जागचा हलत नाही. उलट समोरच्या दाताला ३५ ते ६० ग्रॅमचा हलका दाब तासन्‌तास मिळत राहिला, तर तो कलायला लागतो. इथे जोरापेक्षा सातत्याला जास्त महत्त्व आहे.

दाब सुरू झाल्यावर काही सेकंदांतच तंतूंच्या थरातला द्रव बाजूला सरतो आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात. काही मिनिटांत रक्तप्रवाह बदलतो आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सुटतात. चार तासांच्या आसपास पेशींमध्ये बदल दिसू लागतात. साधारण दोन दिवसांनी हाडाचं खरं काम सुरू होतं. म्हणूनच अलायनर दिवसाचे २० ते २२ तास लावायला सांगतात. जेवताना आणि दात घासताना काढायचा, एरवी तोंडातच ठेवायचा. नुसता रात्री लावून भागत नाही. दाब वारंवार तुटला की पेशींना मिळालेला निरोपही तुटतो.

नदी काठ खाते, तसं

कृष्णेकाठच्या माणसाला पुढची गोष्ट लगेच उमगेल. वळणावर नदी एक काठ खाते आणि समोरच्या काठाला मळी टाकते. वर्षानुवर्षं हे चालतं आणि नदी हळूहळू खाल्लेल्या काठाकडे सरकते. तिच्या पात्राची रुंदी मात्र साधारण तेवढीच राहते. दातही असाच सरकतो. ज्या दिशेला तो ढकलला जातो, तिकडच्या हाडावर दाब येतो आणि हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, ते विरघळवू लागतात. मागच्या बाजूला तंतू ताणले जातात आणि तिथे हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, नवं हाड घालतात. खोबण पुढे सरकते आणि दात तिच्यासोबत जातो.

हे सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा नीट पाहणाऱ्यांत स्वीडनचे कार्ल सँडस्टेट होते. १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात कुत्र्यांच्या दातांवर दाब देऊन हाडात काय घडतं, याचं वर्णन आहे. जास्त जोर लावला तर दाबाच्या जागचा तंतूंचा थर निर्जीव होतो आणि काचेसारखा दिसू लागतो, हेही त्यांनी नोंदवलं. पुढे १९३२ मध्ये ए. मार्टिन श्वार्झ यांनी याला आकड्याची जोड दिली. बारीक केशवाहिन्यांमधल्या रक्ताच्या दाबापेक्षा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅमपेक्षा जास्त दाब नसावा, असं त्यांनी मांडलं. आज हे गणित यापेक्षा गुंतागुंतीचं मानलं जातं, पण त्यामागचं तत्त्व टिकून आहे: रक्तपुरवठा तुटेल एवढं दाबू नका.

रक्तपुरवठा तुटला तर तिथल्या पेशी मरतात. मग हाड खाणाऱ्या पेशींना आजूबाजूच्या जिवंत भागातून, मागच्या बाजूनं पोखरत यावं लागतं. त्यात आठवडा-दोन आठवडे जातात आणि तोवर दात अडून बसतो. हा निर्जीव भाग साफ करताना मुळाचा पृष्ठभागही थोडा खाल्ला जाऊ शकतो. मुळं आखूड होण्याचा धोका इथूनच येतो. दहा दिवस लावायचा अलायनरचा संच पाच दिवसांत उरकून पुढचा चढवणारा माणूस वेळ वाचवतोय असं त्याला वाटतं. हाडाच्या दृष्टीनं तो पहिलं खोदकाम पुरं होण्याआधीच दुसरं काढत असतो.

या व्यवहारात हाड नेहमी थोडं उधारीवर असतं. जुनं हाड खाऊन व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, पण त्या जागी आलेलं नवं हाड भरून, क्षार धरून पक्कं व्हायला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे उपचार चालू असताना दाताभोवतीचं हाड तात्पुरतं विरळ होतं. तारा लावलेल्या रुग्णांवर तैवानमध्ये एक छोटा अभ्यास झाला. त्यात सात महिन्यांनंतर दातांभोवतीच्या हाडाची घनता सरासरी २४ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. अलायनरच्या उपचारातही हाडाची जीवक्रिया हीच असते. दात सैल लागतो तो यामुळे. हिरड्या निरोगी असतील तर ही उधारी पुढे फिटते. पण एखादा दात वाढत्या प्रमाणात हलत असेल, चावताना दुखत असेल किंवा हिरडीतून पू येत असेल, तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवायला हवं.

वेदनेच्या गोळ्यांचा संबंधही इथेच येतो. आयब्युप्रोफेनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन कमी करतात आणि हाडाला निरोप देणाऱ्या रसायनांपैकी ते एक महत्त्वाचं आहे. एखाद-दुसऱ्या गोळीनं काही बिघडत नाही, पण ती रोज घेतली तर दात सरकण्याची गती मंदावू शकते. नव्या संचाच्या पहिल्या दोन दिवसांच्या ठणक्यासाठी अनेक डॉक्टर पॅरासिटामॉल सुचवतात ते यासाठी.

पाव मिलिमीटरचं पाऊल

तारा आणि ब्रॅकेट यांचं शास्त्र अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं केलं. अलायनरची कल्पनाही वाटते तेवढी नवी नाही. १९४५ मध्ये हॅरोल्ड केसलिंग यांनी तारा काढल्यानंतर दात थोडे जागेवर बसवणारं रबरी साधन मांडलं. अशा साधनांची मालिका केली तर मोठी हालचालही साधेल, असंही त्यांनी सुचवलं होतं. पण दर टप्प्याला दातांचा साचा हातानं कापून पुन्हा मांडावा लागे, आणि ते काम परवडणारं नव्हतं. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी स्थापन केलेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीनं हे काम संगणकावर आणलं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली आणि इन्व्हिजलाइन हे नाव पुढे जगभर गेलं.

अलायनरचा प्रत्येक संच दाताला साधारण ०.२५ मिलिमीटर पुढे नेण्यासाठी घडवतात. हा आकडा तंतूंच्या थराच्या जाडीजवळचा आहे. त्यापेक्षा मोठं पाऊल टाकलं, तर मूळ हाडावर चेपून बसेल आणि वर सांगितलेलं निर्जीव होण्याचं संकट ओढवेल. म्हणूनच दोन मिलिमीटरच्या हालचालीला आठेक संच लागतात.

पण अलायनर दाताचा फक्त दिसणारा भाग, म्हणजे शिखर, धरतो. मूळ त्याच्या हाती नसतं. जमिनीत पुरलेल्या खांबाला वरून रेटलं की वरचा भाग एका दिशेला कलतो आणि बुंधा उलट दिशेला जातो. दाताचंही तसंच होतं. मूळही सोबत न्यायचं असेल, तर दातावर त्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात आणि प्लास्टिकला पकड मिळते. तरीही संगणकाच्या पडद्यावर दाखवलेली हालचाल तोंडात पूर्ण उतरतेच असं नाही. इन्व्हिजलाइनवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठरवलेल्यापैकी सरासरी ४१ टक्के हालचाल प्रत्यक्षात आली होती. २०२० मधल्या अभ्यासात हे प्रमाण ५० टक्के होतं. मधेच पुन्हा स्कॅन करून नवे संच मागवावे लागतात, याचं हे कारण. संगणकातला दात हवेत सरकतो, तोंडातल्या दाताला हाडातून जायचं असतं.

मोठ्या वयाचं हाड

चाळिशीत दात सरळ होतात का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. होतात. हाडाची मोडणी-बांधणी जन्मभर चालू असते, त्यामुळे निव्वळ वय ही आडकाठी नाही. फरक तीन गोष्टींत पडतो.

पहिला फरक सुरुवातीच्या वेगाचा. प्रौढ हाड दाट असतं आणि तंतूंच्या थरातल्या पेशींची लगबग मुलांपेक्षा कमी असते. नॉर्वेचे कोरे रायटन यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर ऊतींचा बारकाईनं अभ्यास करून हे दाखवलं. सुरुवातीला प्रौढांचा दात जरा रेंगाळतो. एकदा हाड जागं झालं की वेगातला फरक कमी होतो.

दुसरा फरक वाढीचा. शाळकरी मुलाचा जबडा अजून वाढत असतो आणि टाळूच्या मधली सांध्याची रेघ पुरती जुळलेली नसते, त्यामुळे वरचा जबडा खऱ्या अर्थानं रुंद करता येतो. प्रौढांमध्ये ती सोय सहसा उरत नाही. अलायनरनं जबडा रुंद झाला असं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा दात बाहेरच्या बाजूला कललेले असतात. दातांना धरून ठेवणारं खोबणीचं हाड बदलतं. त्याखालचं जबड्याचं मूळ हाड होतं तसंच राहतं. जबडा लहान-मोठा असल्यामुळे चेहऱ्याची ठेवण बिघडली असेल, तर प्लास्टिकचे संच ती बदलू शकत नाहीत. तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

तिसरा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्रौढ तोंडाला इतिहास असतो. एखादी दाढ काढलेली असते, हिरड्यांचा जुना आजार असतो, हाडाची उंची थोडी खाली गेलेली असते. मातीत तीन फूट पुरलेला खांब आणि दीड फूट पुरलेला खांब सारख्याच जोरानं ढकलला, तर दुसरा जास्त कलतो. हाड कमी झालेल्या दाताचं असंच होतं. अशा दातावर जोर आणखी हलका लावावा लागतो आणि पाऊल आणखी लहान टाकावं लागतं.

पातळ भिंत

नदीची उपमा एका जागी अपुरी पडते. नदीला काठ खायला रान मोकळं असतं. दाताला तसं नाही. खालच्या समोरच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला हाडाची भिंत अनेकांमध्ये एक मिलिमीटरहूनही पातळ असते. काहींमध्ये ती मुळातच जागोजागी नसते. मुळावर हाडात खिडकीसारखं भोक असतं, किंवा वरून खाली उभी फट गेलेली असते. कोणताही उपचार न घेतलेल्या माणसांच्या जबड्यांतही अशा खिडक्या आणि फटी सापडतात. वर हिरडी झाकलेली असल्यामुळे आरशात काहीच दिसत नाही.

आता दाटीवाटीनं बसलेल्या दातांचा विचार करा. दात न काढता त्यांना जागा करून द्यायची असेल, तर कमान मोठी करणं हा सोपा मार्ग असतो. मग समोरचे दात ओठाकडे आणि दाढा गालाकडे जातात. मुळं त्या पातळ भिंतीकडे सरकतात. बाहेरच्या बाजूला हाड खाल्लं जातं, पण त्याच्या पलीकडे नवं हाड तेवढ्याच तत्परतेनं तयार होईल याची खात्री नसते. उपचारापूर्वी आणि नंतर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, काढून केलेल्या अभ्यासांत खालच्या समोरच्या दातांवरचं हाड, विशेषतः हिरडीलगतच्या काठावर, मिलिमीटरच्या काही दशांशांनी कमी झालेलं आढळतं. हे तारांच्या उपचारात होतं आणि अलायनरच्या उपचारातही होतं. एका मिलिमीटरहून कमी असलेल्या भिंतीतून काही दशांश जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. हिरडी पातळ असेल तर ती पुढे खाली सरकू शकते, मूळ उघडं पडतं आणि गार पाण्यानं झिणझिण्या येतात.

या चित्रांचा अर्थ लावताना एक भान मात्र ठेवावं लागतं. सीबीसीटीच्या चित्राचा कण एका मिलिमीटरच्या एक ते चार दशांशांएवढा असतो. त्याच्या आसपास पातळ असलेलं हाड चित्रात उमटतच नाही. नुकतंच तयार झालेलं, क्षार न धरलेलं हाडही दिसत नाही. त्यामुळे उपचार संपताच काढलेलं चित्र नुकसान थोडं वाढवून दाखवू शकतं, आणि काही महिन्यांनी त्यातलं काही हाड परत दिसू लागतं.

जागा करण्याचे दुसरेही मार्ग आहेत. दोन दातांमधलं इनॅमल दोन ते पाच दशांश मिलिमीटर घासून जागा मिळवता येते. गरज असेल तर एखादा दात काढता येतो. निरोगी दात काढायला कुणालाच आवडत नाही. पण हाडाची हद्द ओलांडून सगळे दात ठेवण्यापेक्षा कधी कधी तो निर्णय शहाणपणाचा ठरतो.

तोंडात फिरवतात त्या स्कॅनरला दातांची शिखरं आणि हिरड्या दिसतात, हाड दिसत नाही. अलीकडच्या काही प्रणालींमध्ये सीबीसीटीचं चित्र आराखड्यात मिसळून मुळं आणि हाड पाहता येतं, पण ते पाहायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं लागतं. तपासणीच नसेल तर काय, हे अमेरिकेतल्या एका प्रकारानं जगासमोर आलं. घरपोच अलायनर देणारी स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी २०१४ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. कित्येक ग्राहकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. टपालानं आलेल्या डब्यातून हाडाची उंची कुणालाच मोजता येत नाही.

हिरड्या, मशेरी आणि गोळ्या

अलायनरची एक जमेची बाजू मनापासून सांगायला हवी. तो काढता येतो. तारांच्या फटीत अडकणारे अन्नाचे कण इथे अडकत नाहीत, ब्रश आणि दोरा नेहमीसारखा फिरतो. त्यामुळे उपचाराच्या काळात हिरड्यांची स्थिती तारांपेक्षा थोडी बरी राहते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मुळं आखूड होण्याचं प्रमाणही साधारणपणे कमी आढळतं, शून्य मात्र नाही. पण हा फायदा घासणाऱ्यालाच मिळतो. गोड चहा पिऊन तसाच अलायनर चढवला, तर साखर दातावर दिवसभर झाकून ठेवल्यासारखं होतं.

हिरड्यांना सूज असताना दात सरकवणं धोक्याचं असतं. सूजही हाड खाते आणि दाबही हाड खातो. दोन्ही एकत्र आले तर खाल्लेलं हाड परत भरून येत नाही. आधी हिरड्यांचा आजार आटोक्यात आणायचा, मग अलायनर, हा क्रम कधीही उलटा करू नये. हिरडी आणि दात यांच्यामधली खाच एक ते तीन मिलिमीटर असेल तर ती निरोगी. त्याहून खोल असेल तर आधी उपचार.

आपल्याकडे तंबाखूची गोष्ट टाळून चालत नाही. महाराष्ट्रात, विशेषतः खेड्यापाड्यांतल्या बायकांमध्ये, दात स्वच्छ होतात या समजुतीनं मशेरी लावायची सवय अजून आहे. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. ज्या केशवाहिन्या मोकळ्या राहाव्यात म्हणून अलायनरचं पाऊल पाव मिलिमीटरचं ठेवलं, त्यांतलाच रक्तप्रवाह ते कमी करतं. विडी-सिगारेटनं हिरड्यांतून रक्त येणंही कमी होतं, त्यामुळे आजार असूनही माणसाला सगळं ठीक वाटत राहतं.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असावी, नाहीतर हाड भरून येण्याचं काम मागे पडतं. ज्यांना हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ॲलेंड्रोनेटसारख्या गोळ्या किंवा झोलेड्रोनेटची इंजेक्शनं सुरू आहेत, त्यांनी हे दातांच्या डॉक्टरांना न विसरता सांगावं. ही औषधं हाड खाणाऱ्या पेशींनाच थोपवतात आणि त्यांचा अंश हाडात वर्षानुवर्षं राहतो. पन्नाशीनंतरच्या अनेक स्त्रिया ही औषधं घेतात, आणि हाडांच्या गोळीचा दाताशी काय संबंध, असं वाटून सांगायचं राहून जातं.

शेवटच्या संचानंतर

शेवटचा संच संपतो, फोटो काढले जातात, आणि काम झालं असं वाटतं. हाडाचं काम तेव्हा अर्ध्यावर असतं. मुळाभोवतीचे तंतू नव्यानं विणले जायला तीन-चार महिने लागतात. हिरडीतले लवचीक तंतू वर्षभरही ताणलेले राहतात आणि दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात उपचार संपलेल्या रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, बंद करून दहा वर्षं उलटल्यावर खालचे समोरचे दात समाधानकारक स्थितीत राहिलेल्यांचं प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी निघालं. म्हणून रिटेनर लावायचा: सुरुवातीला दिवस-रात्र, नंतर रोज रात्री, आणि तेही पुढची अनेक वर्षं.

उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. माझ्या समोरच्या दातांवर हाड किती आहे? हिरड्यांच्या खाचा मोजल्या का? जागा कमान वाढवून करणार, घासून करणार, की दात काढून? आणि उपचार संपल्यावर हाड पुन्हा कधी तपासणार? जाणकार ऑर्थोडॉन्टिस्ट या प्रश्नांचं स्वागतच करेल.

आणि एखाद्या सकाळी ब्रश करताना दात किंचित डुगडुगला, तर आता घाबरून जायला नको. दोन-तीन केसांएवढ्या जागेत, एका काठाला खणणाऱ्या आणि दुसऱ्या काठाला भर घालणाऱ्या पेशींचं काम तिथे चालू आहे. त्यांना हलका दाब, स्वच्छ हिरड्या, मोकळा रक्तपुरवठा आणि पुरेसा वेळ हवा. एवढं त्यांना मिळालं, तर दात नव्या जागी जातो आणि त्याला धरून ठेवणारं हाडही तिथे तयार असतं.